निळी चौकट आणि माहफुझाचं स्थळ

प्रिय सलोमतमावशीस,

मार्गिलानहून ओयदिनचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला, लाल गाईचा ताप आणि भिंतीपलीकडच्या शेजारणीचा राग, या सगळ्यांना एव्हाना उतार पडला असेल अशी आशा आहे. इकडे सगळे सुखरूप आहेत, आणि माहफुझाचं (माझ्या नणंदेचं) लग्न ठरलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव माझ्यासारखा टांगणीला लागणार नाही.

नवरूजच्या सणाआधी दारं-खिडक्या रंगवायच्या त्या नव्या सुनेनेच, हे तुला माहीत आहे. त्यात मंगळवारी मुलाकडच्या बायका मागणी घालायला येणार होत्या. याआधीची दोन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच, त्यामुळे सासूबाई आठवडाभर कोंबड्यांनासुद्धा नीट चाला म्हणून बजावत होत्या. ब्रश आणायला मी स्वतः बाजारात गेले. म्हातारा दुकानदार म्हणाला, "बेटी, चौकटीला हा दोन बोटं रुंदीचा घे. अस्सल केसांचा आहे. कशाचे केस ते मात्र विचारू नकोस." मी अर्थातच विचारलं. "डुकराचे" हे उत्तर ऐकून ब्रश खाली ठेवला, नळावर जाऊन तीनदा हात धुतले (आईचं वळण) आणि चुना द्यायचा वीतभर रुंद, गवती काड्यांचा ब्रश उचलला. "त्याने भिंत रंगव, नाहीतर गाढव रंगव! चौकटीवर नुसते ओघळ येतील!" तो मागून ओरडत राहिला. त्याचं खरं होतं. एकदा बुडवला की अर्धा डबा वर यायचा आणि निम्मा माझ्या कोपरापर्यंत पोचायचा. तरी रविवारी चौकट निळी झाली.

मंगळवारी तिघीजणी आल्या. पुढे मुलाची आजी तुर्सुनोय, मागे तिच्या दोन सुना. उंबऱ्याशी बुटांवरचे रबरी गलोश काढताना आजींनी तोल सावरायला चौकट धरली. मग सुनांनीही धरली. सगळ्या जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती बसल्या, आणि नानला हात लावण्याआधी आजींनी ओंजळ वर करून या घराची भरभराट मागितली. आमीन म्हणून तिघींनी तळवे चेहऱ्यावरून खाली फिरवले.

मावशी, तीन निळे चेहरे! आजींचा तर कपाळापासून हनुवटीपर्यंत. आणि प्रत्येकीला दुसऱ्या दोघींचंच तोंड दिसत होतं.

"अगं, तुझं तोंड!" आजी थोरल्या सुनेला म्हणाल्या.

"आधी तुमचं बघा, आई."

चहाची किटली घेऊन माहफुझा दारातच थिजली. हे तिसरं स्थळ माझ्यामुळे गेलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी मोठ्याने म्हणाले, "चौकट मी रंगवलीय. मुलीचा काही दोष नाही." (कुणी विचारलं नव्हतं.)

माहफुझाने किटली ठेवली, सरकीचं तेल आणि कापूस आणला आणि आजींसमोर गुडघे टेकून त्यांचं तोंड पुसायला लागली. हे काम तासभर चाललं.

"डोळे मिटा, आजी."

"मिटले. पण भुवया राहू दे हं पोरी, तेवढ्याच उरल्यात."

मागणीच्या दिवशी मुलीने मान खाली घालून गप्प बसायचं, आणि ही खो खो हसत सुटली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. आजींनी एक डोळा उघडला. म्हणाल्या, "तासभर माझं तोंड घासतेय आणि एकदाही नाक मुरडलं नाही. हिला दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊ देईन होय? नान आणा!" दोन्ही घरांनी मिळून नान मोडला, लग्न ठरलं. मी तंदूरमागे जाऊन पोटभर रडले, आणि दहा दिवसांनी प्रथमच मला भूक लागली.

काकांना सलाम.

तुझी ओयदिन

ता. क. ब्रशबद्दल लिहिलं ते खरं आहे, पण पुरतं नाही. रविवारचा रंग सोमवारी रात्रीपर्यंत वाळला होता. त्यात गवताची एक काडी चिकटलेली दिसली, म्हणून मंगळवारी पहाटे मी गुपचूप दुसरा हात दिला. सासूबाईंना हे माहीत नाही. शुक्रवारी येशील तेव्हा माझ्या वतीने तू सांगशील का? हे पत्र खरं तर त्यासाठीच आहे.

पुन्हा ता. क. सांगू नकोस. मला राहवलं नाही, मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "पहाटे खिडकीतून पाहिलं होतं मी तुला. पण बोलले असते, तर तू तिसरा हात दिला असतास."