कबुतरांमुळे पडलेल्या इमारतीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
इमारत पडझड चौकशी समिती,
कोम अल-लौझ विभाग, अलेक्झांड्रिया.

विषय: इमारत क्र. १४ माझ्या कबुतरांमुळे पडल्याच्या निष्कर्षाबाबत, तसेच इमारत क्र. १६ आजच रिकामी करण्याबाबत.

संदर्भ: समितीचा अंतिम अहवाल व सोबतचा कबुतरबंदी आदेश.

महोदय,

१. अर्जदार वहबा अब्दुल-जव्वाद, वय ६७, याने सरकारी प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडण्याचे काम एकतीस वर्षे केले. ठोकळा कधी आणि का फुटतो एवढेच मला कळते. अहवाल कसा लिहावा हे कळत नाही, तरी चूकभूल पदरात घ्यावी.

२. गेल्या महिन्याच्या सात तारखेस दुपारी साडेचार वाजता, मी राहत होतो ती इमारत क्र. १४ कोसळली. तिसऱ्या मजल्यावरच्या नफीसाबाई त्यात गेल्या. त्यांच्या हातचा चहा मी बावीस वर्षे प्यायलो. त्यांच्याविषयी याहून जास्त लिहिणे मला जमणार नाही. समितीने ढिगारा पाहिला. सर्वांत वर माझ्या खुराड्याच्या फळ्या व पिसे सापडली, आणि ‘गच्चीवरील कबुतरांचा अतिरिक्त भार’ हे कारण ठरले. नम्रपणे निदर्शनास आणतो की, पडलेल्या इमारतीत गच्ची बहुधा वरच सापडते.

३. माझी कबुतरे एकसष्ट, मिळून वजन वीस किलो. खुराडे दीडशे किलो. शिवाय घटनेच्या वेळी मी मका आणायला खाली उतरलो होतो आणि सगळी कबुतरे आकाशात होती, म्हणजे त्यांचा इमारतीवरील भार शून्य होता. ही बाब समितीच्या अभियंत्यांना सांगितली तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि ‘कबुतरे एकदम उडाल्याने बसलेला धक्का’ अशी दुरुस्ती अहवालात केली. मी गप्प बसलो असतो तर निदान धक्क्याचा आळ तरी टळला असता.

४. काही इतर भार अहवालात यायचे राहून गेले आहेत. आमच्या गल्लीत घर पुरे झाले असे कोणी म्हणत नाही. मुलगा झाला की गच्चीवर खांबांच्या सळ्या मोकळ्या सोडतात, त्याचे लग्न ठरले की त्यावर मजला चढतो. क्र. १४ चा पाया चार मजल्यांचा. मालक हाजी शलबी यांना मुलगे दोन. मजले सहा झाले. एकेक मजला शंभर टनांच्या घरात जातो. तरीही त्यानंतर इमारत अकरा वर्षे तग धरून होती, कारण तळाशी मधला खांब होता. हा खांब तळमजल्यावरच्या कॉफीखान्यात टीव्हीच्या आड येई आणि अर्ध्या गिऱ्हाइकांना फुटबॉलच्या सामन्यातला गोल दिसत नसे. म्हणून मालकांनी तो काढला. त्या दिवसापासून सर्वांना गोल दिसू लागले, हे मान्य केले पाहिजे.

५. ढिगाऱ्यातून त्या खांबाच्या सळ्यांची चार टोके मी वेचून काढली. ताणून तुटलेली सळी टोकाशी बारीक होते. ही चारही टोके कापलेल्या काकडीसारखी सपाट आहेत. काँक्रीटच्या तुकड्यांत शिंपलेही आहेत, म्हणजे वाळू समुद्रकाठची, खारी, लोखंड खाणारी. हे सर्व पाकिटात घालून मी आपल्या कार्यालयात दिले. आवक नोंदवहीत ‘सळी’ असा रकाना नसल्याने ते परत आले. ‘पिसे’ असा रकाना होता.

६. इमारत क्र. १६ चा मालक तोच, गवंडी तोच, वाळू तीच, मजलेही सहाच. कॉफीखाना आता तिच्या तळमजल्यावर गेला आहे. उद्या रविवारी चषकाचे सामने सुरू होतात, म्हणून मंगळवारपासून तिथलाही मधला खांब फोडणे चालू आहे. निम्म्या सळ्या उघड्या पडल्या आहेत. मी हाजींच्या हातापाया पडलो. ते म्हणाले, “वहबाकाका, मी मजले पोरांना दिले, तुम्ही पाखरांना. घर कुणापायी पडलं ते कागदावर आलंय. बसा आता, चहा घ्या.”

माझी मुलगी सनिया दोन लेकरांसह त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या स्वयंपाकघराच्या दारावरच्या भिंतीत भेग आहे. बुधवारी मी त्या भेगेवर आडवी काचपट्टी प्लास्टरने चिकटवली. भेग रुंदावली की काच तडकते. काल शुक्रवारी ती तडकली. मी तिला म्हणालो, ऊठ, आत्ताच्या आत्ता निघ. तिने मला हाताला धरून खाली नेले आणि फाटकावरचा समितीचा कागद दाखवला: ‘पाहणीत कबुतरे आढळली नाहीत. इमारत सुरक्षित.’

“बाबा, सगळी गल्ली हसतेय,” ती म्हणाली. “ह्या कागदावर सरकारचा शिक्का आहे. तुमच्या काचेवर कुणाचा आहे?”

रात्रभर मला भीती वाटत होती, आणि ही गोष्ट अर्जात लिहिण्याची लाजही वाटत नाही.

७. सबब, समितीचा निष्कर्ष अर्जदार आज संपूर्णपणे मान्य करीत आहे. इमारती कबुतरांमुळेच पडतात. आदेशाचे कलम ४ असे की, जेथे कबुतरे आढळतील ती इमारत दोन तासांत रिकामी करावी व आत कोणतेही काम चालू देऊ नये. माझ्या एकसष्टांपैकी तेवीस कबुतरे घर शोधत परत आली होती. आज सकाळी मी ती टोपलीत घालून क्र. १६ च्या गच्चीवर नेली, पुरेसा मका टाकला, आणि या अर्जाद्वारे गुन्हा कबूल करतो. अर्ज लिहीत असताना ती कठड्यावर ओळीने बसलेली दिसत आहेत.

तरी कलम ४ ची अंमलबजावणी विनाविलंब व्हावी. मी फाटकाशीच बसून आहे, मला अटक करणे अवघड जाणार नाही. फक्त क्रम सांभाळावा: आधी माणसे उतरवावीत, मग कबुतरे, मग मला न्यावे.

आपला नम्र, आणि कबुलीजबाबापासून न हटणारा,
वहबा अब्दुल-जव्वाद
शनिवार, सकाळी दहा वाजता

सोबत:
(१) सळीची टोके, नग चार (पुन्हा).
(२) तडकलेली काचपट्टी.
(३) क्र. १६ मधील अकरा कुटुंबांची यादी, मुले धरून एकूण माणसे सत्तेचाळीस. नावे जिन्याच्या क्रमाने लिहिली आहेत, म्हणजे उतरवताना कोणी राहणार नाही.