डोहातली भेदरलेली मासळी

अहो,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. लिहायला तुम्ही दूर होतात कधी? पण काल पोखर्णीहून तुमच्या आक्का आल्या आणि आठ महिने पोटात ठेवलेली गोष्ट बोलल्या. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. सकाळपासून दोनदा चूल पेटवली, दोनदा विझवली.

शाळा सुटली की मास्तर डोहावर, हे गावाला पाठ होतं. बोटीवर नोकरीला असलेल्या तुमच्या मित्रानं परदेशातून ती मऊ प्लास्टिकची लाल गांडुळं पाठवली तेव्हा काय आनंद झाला होता तुम्हाला! मी म्हणाले, "खोटं गांडूळ कोणता मासा खाईल?" किती हसलात!

मग बहात्तरचा दुष्काळ आला. घरामागचा डोह कमरेएवढा उरला. मोठे मासे संपले; राहिली बोटाएवढी मासळी, सावली पडली तरी पळणारी. जमीन इतकी वाळली की खरं गांडूळ औषधालाही मिळेना. त्यातच तुमचं छातीचं दुखणं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हाच मी समजले.

त्या दुपारी परसातल्या लिंबाखालच्या बाजेवरून तुम्ही म्हणालात, "मासळीचं पातळ कालवण खावंसं वाटायलंय." चार दिवसांत पहिल्यांदा काही मागितलंत!

"मला कुठं धरता येतंय?"

"येतंय. गांडूळ बारीक कर. मासळी भेदरलीय, मोठा घास दिसला की पळते."

आक्कांना तुमच्याजवळ बसवून मी डोहावर उतरले.

ते प्लास्टिकचं गांडूळ आधी अख्खंच टाकलं. मासे आले, हुंगून मागं फिरले. ब्लेडनं अर्धं केलं, तरी तेच. मग करंगळीच्या पेराएवढाच तुकडा ठेवला, शेपटीला चिरा देऊन ती दोऱ्यासारखी बारीक केली, तुमच्या डबीतला सगळ्यात लहान गळ लावला. शिशाचं वजनही काढून टाकलं. आता तो तुकडा अगदी सावकाश बुडू लागला, शेपटी नुसत्या पाण्यानं थरथरायला लागली. आणि दोरीला झटका बसला! मग दुसरा. मग तिसरा! खरं सांगू? त्या तासाभरात तुमचं दुखणं मी विसरले होते. हे कुणाला सांगायचं?

पाच मासे घेऊन वर आले, तर तुमची वाचा गेलेली. कालवणाचे दोन चमचे घेतलेत, माझ्याकडं बघत. दुसऱ्या दिवशी संपलं सगळं.

नवरा मरणाला टेकलेला आणि ही गळ टाकीत बसली, असं लोक म्हणाले. मी ऐकून घेतलं. खरंच होतं ना ते?

काल आक्का म्हणाल्या, "त्याची जीभ जड व्हायली तसं मी तुला हाक मारायला उठले. त्यानंच माझा हात धरला. म्हनला, 'नको बोलवू, आक्का. बघ, मासे लागायलेत तिला. कशी हसायलीय!'"

म्हणजे तुम्ही बघत होतात? मग का अडवलंत त्यांना? माझं हसू बघायचं होतं, तर जवळ बोलावून हसवायचं होतं! शेवटचा शब्द आक्कांना, आणि मला काय, पाच मासे? की मी जवळ नसावं म्हणूनच धाडलंत मला? सारखं तेच मनात येतंय. तुमच्यावर राग येतो, आणि रागानं बोलायला जावं तर समोर बाज रिकामी.

आक्का रडत होत्या. "त्याचं ऐकलं, अन् तुझ्या वाटचा घास मी हिरावला. तोंड कसं दाखवू तुला?" म्हणून त्या आठ महिने इकडं फिरकल्या नाहीत. मला वाटायचं, त्याही मला लोकांसारखंच बोलत असतील!

आत्ता त्या अंगणात ज्वारी निवडायल्यात. पोखर्णीत त्यांचं तरी कोण आहे? त्यांना मी परत जाऊ देणार नाही. आणि वचन देते, त्या दुपारबद्दल त्यांना एका शब्दानंही कधी टोचणार नाही.

तुमच्यावरचा राग मात्र सोडणार नाही. तो आपल्या दोघांतला आहे.

तुमचीच,
सुमन