एक अक्षर जास्त

३ मार्च, मंगळवार
शिलाई मशीन गेलं. सुई वर गेली ती खाली यायलाच तयार नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘बाई, याचे सुटे भाग आता मिळत नाहीत.’ आणि महिनाअखेरीस नाटकमंडळींचे एकोणीस पोशाख द्यायचेत — हातानं शिवू की काय?

लेक फोनवर: ‘आई, ऑनलाइन मागव. पण भलतीकडे कार्डाचा नंबर देऊन बसशील.’ म्हणजे मागव, आणि मागवू नकोस.

४ मार्च
खाली घड्याळवाल्यांच्या दुकानात गेले. ते सगळं सामान ऑनलाइनच मागवतात. डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून माझा मोबाइल हातात घेतला. ‘आधी साइटचा पत्ता बघा. एचटीटीपीच्या शेवटी एस आहे? शेजारी कुलूप? मग तुम्ही लिहाल ते वाटेत कुणाला वाचता येत नाही. एस नसेल तर नंबर टाकायचाच नाही.’

एका एसवर माणूस साठाव्या वर्षी इतका खूश होऊ शकतो — मला माहीत नव्हतं.

५ मार्च
दिवसभर कुलपं बघितली. बँक — आहे. औषधवाला — आहे. वाचनालय — नाही! ‘सुरक्षित नाही’ असं चक्क लिहून येतं. तडक जाऊन तिथल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘इथे पुस्तकं परत येत नाहीत, कुलूप कुठलं घेऊन बसलात?’ दोघी पोट धरून हसलो.

९ मार्च, सोमवार
मशीन सापडलं. अर्ध्या किमतीत! एस आहे, कुलूप आहे. नाव-गाव भरलं, कार्डाचा नंबर तेवढा राहिला. म्हटलं, आधी घड्याळवाल्यांना दाखवू. खरं तर शाबासकी हवी होती. जिना उतरले तो जवळजवळ उड्या मारत.

त्यांनी मोबाइलला भिंग लावलं. ‘पत्त्यात कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त आहे.’
‘पण कुलूप आहे ना?’
‘कुलूप चोराच्या घरालाही असतं. वाटेत कुणी वाचणार नाही, हे खरं. पण पोचणार चोराच्याच हातात.’

मी तिथल्याच स्टुलावर टेकले. त्यांची बायको गेल्यापासून दुकानात एकच कप असतो, तो त्यांनी मला दिला. स्वतः थर्मासच्या झाकणातून प्यायले. आमचे हे गेल्यावर पहिल्यांदाच मला कुणी चहा ओतून दिला. तासभर बसले. भिंतीवरचं एकही घड्याळ दुसऱ्याशी जुळत नव्हतं, म्हणून किती वाजले ते कळलंच नाही — असं मी स्वतःला सांगतेय.

११ मार्च
जुन्या पावतीवरचा कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप केला. अक्षरन् अक्षर बोट ठेवून वाचलं. एस. कुलूप. मागवलं. पूर्ण किमतीत, आणि डोळे मिटून बटण दाबलं.

१६ मार्च, सोमवार
आलं! लोण्यातून सुरी फिरावी तसं चालतं. घड्याळवाले बघायला म्हणून वर आले आणि दोन तास बटणं लावून गेले. टाके माझ्यापेक्षा बारीक. जळले मी.

लेक फोनवर: ‘आई, गुणगुणतेयस काय?’
‘मशीनचा आवाज आहे,’ म्हटलं.

२९ मार्च, रविवार
पोशाख वेळेवर गेले. नाटकाला आम्ही दोघं शेजारी बसलो. मध्यंतरात ते म्हणाले, ‘पुढचे दिवस एकाच घरात काढूया का?’ मी हो म्हटलं.

दुसऱ्या अंकात काय झालं, देव जाणे.