झटक्याचा पाहुणा

४ नोव्हेंबर, नेर

दुपारी माझं मेडिकल बंद ठेवून हमीदभाई पेंटरच्या दुकानी. बाहेर नंबरप्लेटा वाळत होत्या, आत आमच्या 'जोडीदार' चित्रकथेची पानं. पुढचा अंक दोनशेवा. मागच्या पानांवर मालिकेचा इतिहास द्यायचा असं मीच हौसेनं जाहीर करून बसले, आता लिहा म्हणावं.

'बाबांनी तहसील कचेरीत कारकुनी करता करता...' इथं अडकले. हमीदभाई, म्हणजे ह.भा., सांगत गेले, मी टिपत गेले. पहिला अंक सायक्लोस्टाइलवर, वाचकाच्या बोटांना शाईच जास्त. मग यवतमाळचा छापखाना, मग अमरावतीचं ऑफसेट. कागद महागला तेव्हा दोनदा बंद पडला, दोनदा उठला. नेरच्या स्टँडवर विकला, दारव्ह्याच्या बाजारात, कळंबला देवळाबाहेर. बाबा गेल्यावर गोष्ट मी लिहायला लागले. चित्रं पहिल्यापासून ह.भा.चीच.

५ नोव्हेंबर

मसुदा पुढे. 'झटका, म्हणजे विजेच्या डीपीवर शॉक बसूनही न मेलेला लाइनमन. त्याच्या जोडीला दर अंकात एक नवा पाहुणा. पाहुण्याचा चेहरा आपल्याच जिल्ह्यातल्या खऱ्या माणसाचा.' तो माणूस येतो, ह.भा.च्या स्टुलावर बसतो, चहा पितो, पहिली प्रत घेऊन जातो.

गोष्टीचा साचा बाबांचा. झटक्याचा पाहुण्याबद्दल गैरसमज होतो, पाहुणा सहाव्या पानावर मार खातो, मग उलगडा, मग दोघं मिळून दुष्टाला धुतात, शेवटच्या चौकटीत एका ताटात जेवतात. गैरसमज ज्याच्या त्याच्या धंद्यातला. पाटणकर सर गणिताचे, तर झटक्याला वाटलं हे पेपर फोडतात. बोरी अरबच्या शकुंतलाबाई भाजीवाल्या, अंकात उडती आजी, तर म्हणे मापात मारतात. बाईंनी ते पान फ्रेम करून दुकानात लावलंय. गिऱ्हाइकाला सांगतात, "म्या झटक्याचा मार खाल्ला हाय." आमच्याकडे तो मान आहे.

१३ नोव्हेंबर

दोनशेव्यासाठी कळंबच्या कंपाउंडरना बोलावलं होतं. ते आले नाहीत, भाऊ आले.

भाऊ म्हणजे भाऊच, इकडे आडनाव कोणी लावत नाही. रेतीचे टिप्पर, मंगल कार्यालय, आता पुढची निवडणूक. दोन पांढऱ्या गाड्या दुकानासमोर. न विचारता स्टुलावर बसले. "मले काढा."

मी म्हणणार होते की पाहुणा ठरलाय. जीभ टाळूला. एरवी ही जीभ औषध कंपनीच्या एमआरला रडवते.

ह.भा.नी पेन्सिल घेतली.  चित्र झालं तसं भाऊंनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. हळूच विचारलं, "मी असा दिसतो?" ह.भा. म्हणाले, "जसे हाय तसे काढले जी." भाऊंची माणसं कोणीच हसली नाहीत. चहा तसाच राहिला.

कंपाउंडरांचा फोन लागत नाही.

२९ नोव्हेंबर

गोष्ट पूर्ण. पाहुणा 'महाबली भाऊ', टिप्पर खांद्यावर उचलतो. साच्यात ओतली की होते झटपट. गंमत म्हणजे चांगली झाली. ह.भा.नी टिप्पर असा काढलाय की वजन जाणवतं.

१८ डिसेंबर

अंक आला. भाऊंचा उजवा हात पिंटू गठ्ठा न्यायला आला. त्यानं मुखपृष्ठ पाहिलं, झक्कास म्हणाला, आतलं पान उलटलंसुद्धा नाही. भाऊ हार घातल्यासारखे खूश होतील म्हणे.

२० डिसेंबर

सकाळी मेडिकलात खोकल्याचं औषध घ्यायला आलेला एक जण हसून राहिला होता. काय झालं विचारलं तर मोबाइल पुढे केला. स्टेटसवर आमचं सहावं पान.

झटका भाऊंना कानाखाली वाजवतोय, टिप्पर उलटलाय, आणि फुग्यात मोठ्या अक्षरात: 'नदीची रेती चोरतोस?'

हे मीच लिहिलंय. माझ्या हातानं, नोव्हेंबरात, मजेत. गैरसमज धंद्यातला हवा आणि भाऊंचा धंदा रेतीचा, इतकाच विचार. सातव्या पानावर झटका कान धरून माफी मागतो, रेती सरकारी कामाची निघते, शेवटी एका ताटात जेवतात. ते पान कोण फिरवतं?

ह.भा.ना फोन केला. त्यांनी अंक उघडून पाहिला. मग म्हणाले, "ताई, म्या बी नाई पाह्यलं. सहावं पान म्हंजे मार. हात आपोआप चालते."

मुद्दाम केलं का मी? नाही. चार वेळा स्वतःला विचारलं, चारही वेळा नाही.

२२ डिसेंबर

आता ते पान जिल्हाभर. कोणीतरी खाली लिहिलंय, 'उलगडा कधी होणार?' मला इतकं हसू आलं की नंतर भीती वाटली.

समोरच्या पानठेल्यापाशी पांढरी गाडी, आत ड्रायव्हर. काही घेत नाही, कुठं जात नाही.

२६ डिसेंबर

भाऊंकडून बोलावणं नाही, शिवीगाळ नाही. ते केलं असतं तर बरं झालं असतं.

पिंटू आला, डोकेदुखीची गोळी मागितली. गोळी घेतली आणि म्हणाला, "पेंटरचा हात लय सोन्यासारखा हाय. जपा म्हना."

मी काउंटरच्या मागं खाली बसले. बराच वेळ गिऱ्हाईक आलं नाही हे नशीब.

३० डिसेंबर

पाटणकर सर आले. निवृत्तीनंतर आता काठी घेतात. आमच्या चिंचेच्या गोळ्या विकत घेतल्या, मुलांच्या तब्येतीचं बोलले, आणि जाता जाता म्हणाले, त्या इतिहासात पाहुण्यांची नावं छापणार असशील तर माझं नको. मी म्हटलं, सर, तो तर अंकाबरोबर छापून गेला. मग पुढच्या छपाईत गाळ, म्हणाले. सुनेची बदली व्हायची आहे, भाऊंच्या शब्दावर अडकलीय. रागावू नकोस.

रागावले. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही, एवढंच.

३ जानेवारी

स्टँडवरच्या पेपरवाल्यानं उरलेले अंक परत केले. विकले गेले असते, तरी परत. कळंबहूनही गठ्ठा आला, दोरी सोडलेलीसुद्धा नाही.

शकुंतलाबाईंच्या दुकानातली फ्रेम उतरलीय म्हणे. ह.भा. बाजाराला गेले होते, त्यांनी पाहिली, म्हणजे तिची जागा पाहिली. भिंतीवर चौकोन तेवढा पांढरा राहिलाय. बाईंनी त्यांना नेहमीप्रमाणं कोथिंबीर वर घातली, नजर मात्र तराजूवर.

इतकी वर्षं झटक्याबरोबर दुष्टांना धुतलेली ही सगळी मंडळी. एकेक करून बाजूला होताहेत. मी त्यांना नावं ठेवते आणि मग आठवतं, १३ नोव्हेंबरला माझी जीभ कुठं होती.

७ जानेवारी

निरोप आला, अखेर. भाऊंनी स्वतः फोन केला, आवाज गोड. म्हणाले, झालं गेलं जाऊ द्या. दोनशे एकाव्या अंकातही पाहुणा मीच. मार नाही. शेवटी ताटबीट नाही, झटका माझ्या पाया पडतो आणि म्हणतो, आजपासून मी तुमचा माणूस. ते पान पोस्टरएवढं छापा, मेळाव्यात वाटू. "अन् पेंटरलेच काढू द्या. दुसऱ्याचा हात नाई पायजे मले."

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले, विचारसुद्धा केला नाही.

८ जानेवारी

ह.भा.च्या दुकानी. नंबरप्लेट एकही नाही. गॅरेजवाल्यांनी काम द्यायचं थांबवलंय, त्यांनी कारण सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. मुलगा नागपूरला बोलावतो, जात नाहीत.

मी लिहून नेलेलं पान दिलं. झटका वाकतो, पाय, संवाद. चष्मा लावून वाचलं, घडी केली, रंगाच्या डब्याखाली ठेवलं.

"नाई काढत मी हे."

मी म्हटलं, एकच पान आहे, हमीदभाई. लोक आठ दिवसांत विसरतील. ते म्हणाले, लोकाचं नाई म्हणून राह्यलो. "तुमच्या बाबानं मले पह्यल्याच दिवशी सांगतलं. झटका कोनाच्या बी ताटात जेवन, कोनाच्या पायी नाई पडन. माह्याच्यानं थो वाकत नाई, ताई. वाकवला तर थो झटका दिसत नाई, कोनी दुसराच दिसते."

मग मी ओरडले. तुमचा हात, तुमचं दुकान, मला काही नको, बंद करू मालिका, बाबांनीही दोनदा बंद केलीच होती. ते ऐकत राहिले. म्हणाले, "कागदापायी बंद झाल्ती. भेवापायी नाई."

घरी येऊन रडले. मला माझी भीती नाही वाटत, खोटं कशाला लिहू, थोडी वाटते. पण त्यांच्या हाताची फार वाटते. सहावं पान मी लिहिलं होतं आणि हात त्यांचा मागितला जातोय.

११ जानेवारी

कोणीतरी ह.भा.च्या दुकानाचं शटर रंगवून गेलं. अख्खं पांढरं, एक अक्षर नाही. ह.भा. म्हणाले, ब्रश मारायची अक्कल नाही, ओघळ आलेत. त्यावर बोट फिरवून दाखवलं.  

भाऊंना फोन करून सांगितलं, पायाचं पान होणार नाही. फोन कानाला लावला तेव्हा वाटलं शब्द फुटणार नाहीत, पण फुटले.  भाऊ म्हणाले, "बरं." आणि ठेवला.

१४ जानेवारी

त्या 'बरं'नंतर काहीच नाही. गाडीही दिसत नाही. वीज जायच्या आधी पंखा हळू होतो तसं गाव वाटतंय.

दोनशे एकसाठी पाहुणा शोधतेय. कंपाउंडर घरात असून नाहीत. एका नर्सबाई हो म्हणाल्या, संध्याकाळी नाही म्हणाल्या. दारव्ह्याचे फौजी म्हणाले, ताई, सीमेवर सोपं असतं. पाहुण्याशिवाय अंक कधी निघाला नाही. निघाला तर तो 'जोडीदार' कसला.

१७ जानेवारी

ह.भा.च्या दुकानातून लिहितेय, वही मांडीवर.

दुपारी आले. ते अर्ध्या कोऱ्या कागदासमोर बसले होते. झटका काढून झालेला, शेजारी जागा रिकामी. "कोनाले काढू? स्टुलावर कोनीच नाई."

मी जाऊन बसले.

त्यांना वाटलं थट्टा. उठा म्हणाले. लिहिणाऱ्यानं बसायचं नसतं, बाबाही कधी बसले नाहीत. मी म्हटलं, काढा. त्यांनी चष्मा पुसला, परत पुसला.

"पह्यले मार खा लागते पाहुन्याले. मालूम हाय ना?"

मालूम आहे म्हटलं. सहावं पान मीच लिहिते.

"मंग गैरसमज काय दाखवाचा तुमचा?"

झटक्याला वाटलं, मी घाबरले. असं दाखवा म्हटलं. ते हसले नाहीत. पेन्सिल तासायला घेतली.

पांढरी गाडी आत्ता समोर येऊन थांबली. मागं दुसरी. इंजिन चालूच. ह.भा.ची पाठ रस्त्याकडे आहे, पण आवाज त्यांनाही आलाच असणार, पेन्सिल क्षणभर थांबली होती. आता परत चालतेय. डोळे झाले. कपाळ झालं.

एक दार उघडलं.

ह.भा. म्हणतात, लिहिणं ठेवा ताई, मान वर पायजे. ठेवते.