उत्तराआधीची शांतता

प्रिय ताई, वाकून नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. आईच्या माघारी तू कशी आहेस?

विद्यापीठात सध्या आमचं शिकवणं सुधारायचं चाललंय. प्रमुख बाई माझ्या तासाला मागच्या बाकावर बसल्या नि नंतर म्हणाल्या, “अहो, प्रश्न तुमचाच, उत्तरही तुमचंच. मुलांनी काय नुसत्या माना डोलवायच्या? जरा थांबत जा की!”

काल प्रश्न विचारून थांबलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कधीच न बोलणारी एक मुलगी हळूच बोलली, आणि बरोबर बोलली.

तेव्हापासून आईचा शेवटचा फोन आठवतोय. “बरी आहेस ना? बरीच असशील,” म्हणून मी ठेवूनच दिला. तिच्या कानाशी फोन तू धरला होतास. ताई, ती काही बोलू पाहत होती का गं?

तुझा धाकटा