मी फक्त खुर्ची ओढली

२६ जानेवारी १९५४, मंगळवार. रात्री ९.

सकाळचं झेंडावंदन उत्तम. दोरी एकदाच अडकली.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात मुलींच्या गाण्यांचा कार्यक्रम. मी म्युनिसिपालिटीचा उपाध्यक्ष, तेव्हा पहिल्या रांगेतली मधली खुर्ची माझी. हे सांगावं लागू नये. जाऊन बघतो तर खुर्चीवर मालनबाई! आमच्या प्रसूतिगृहातली सुईण. म्हटलं, बाई, उठा. म्हणाली, "वायच थांबा हो, ह्या गाणा संपांदे." मागे दोनशे माणसं बघतायत आणि व्हाइस प्रेसिडेंट उभा! बाई पदर सावरायला जरा उठल्या, तेवढ्यात मी खुर्ची मागे ओढली. बाई नेमक्या जिथे खुर्ची नव्हती तिथे बसल्या.

मुद्दा नोंदवून ठेवतो. मी बाईंना हात लावलेला नाही. फक्त खुर्ची ओढली.

गाणं मध्येच थांबलं. दोन मुली रडायला लागल्या. कार्यक्रम नीट बसवलेला नव्हता.

२७ जानेवारी, बुधवार.

मालनबाईंचं उजवं मनगट मोडलं म्हणे. सहा आठवडे प्लास्टर. साठीला आलं की हाडं ठिसूळ होतातच, त्याला मी काय करणार?

सुनंदाने सकाळी चहाचा कप जरा आपटूनच ठेवला. म्हणाली, "जाऊन माफी मागून या. दोन मिनिटांचं काम आहे." म्हटलं, प्रश्न मिनिटांचा नाही, पदाच्या प्रतिष्ठेचा आहे. तर म्हणाली, "आपली दोन्ही पोरं त्यांच्या हातून झालीत." मुद्दा गैरलागू. बायकोला चर्चेची शिस्त नाही.

संकल्प: माफी मागायची नाही. आवाज चढवायचा नाही. रोज पहाटे फिरायला जायचं.

२८ जानेवारी, गुरुवार.

फिरायला गेलो. पहाटे नाही, आठला. स्टेशनरोडवर ओळखीचे सात-आठ जण भेटले, एकानेही नमस्कार केला नाही. थंडी आहे, हात शालीबाहेर काढवत नाहीत लोकांना.

दुपारी विद्याधर आला. बाजूच्या वॉर्डचा मेंबर आणि माझा शाळेपासूनचा दोस्त. म्हणाला, "मार्तंड, वाट लागली रे. गावात दुसरा विषय नाही. भांडुपपर्यंत गेलंय." म्हटलं, बरंच झालं, आपलं नाव भांडुपला कधी गेलं नव्हतं. म्हणाला, "जाऊन दोन शब्द बोलून टाक ना यार." मी त्याला विचारलं, या गावात नऊ गटारं कोणी बांधली? म्हणाला, तू. मग संपलं!

३० जानेवारी, शनिवार.

अकरा वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं स्तब्धता. मी पावणेतीन मिनिटं उभा राहिलो. हे कोणी लक्षात ठेवणार नाही.

नंदकिशोर मास्तर माझ्यावर अविश्वासाचा ठराव आणतोय. निवृत्त शिक्षक, आमच्या बोर्डावरचा एकटाच मेंबर जो सभेला कागद वाचून येतो. ठरावात लिहिलंय, "सार्वजनिक ठिकाणी अशोभनीय वर्तन." म्हणजे आता माणसाला कामावरून जोखायचं की उठण्याबसण्यावरून? उद्या शिंकलो तरी पद जाईल! अशाने चांगली माणसं राजकारणात यायची नाहीत. मी आलो ती चूकच म्हणायची.

राजीनामा देणार नाही. त्रिवार नाही.

१ फेब्रुवारी, सोमवार.

सुनंदाचा अबोला सहाव्या दिवसात. आमटी मात्र नेहमीसारखी, म्हणजे मतभेद वरवरचा आहे.

मोठ्या मनाने एक निवेदन लिहिलं. तीन वेळा खोडलं. शेवटचा मजकूर: "घडलेल्या प्रसंगी ज्यांना पडल्यासारखे वाटले असेल, त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे." यापलीकडे कुठला पुढारी जाईल? विद्याधरबरोबर मालनबाईंकडे धाडलं.

विद्याधर तासाभरात परत. बाईंनी शेजारणीकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "पडल्यासारख्या वाटूक नाय. पडलंय." पुढे म्हणाल्या, "माका तेंची खुर्ची नको, काय नको. येवन 'माझा चुकला' म्हणांदेत, बस."

बघा! मी एक पाऊल पुढे आलो की समोरची मागणी वाढते. हेच तर राजकारण.

४ फेब्रुवारी, गुरुवार.

आनंदाची बातमी. मालनबाई प्लास्टरसकट कामावर येतात असं कळलं. स्टुलावर बसून दोन शिकाऊ नर्सना तोंडी सांगतात आणि बाळंतपणं होतात. म्हणजे काम अडलेलं नाही. मग तक्रार कसली? विद्याधरला म्हटलं, हा मुद्दा सभेत मांडायचा.

५ फेब्रुवारी, शुक्रवार.

सकाळी फाटकाशी काशीराम उभा. नाहूर गावाकडे राहतो, गिरणीत आहे, मला मत देणारा माणूस. आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, परवा त्याची बायको विमला अडली. मूल आडवं होतं. मालनबाई असं मूल पोटावरून हाताने फिरवतात, पण दोन्ही हात लागतात. नर्सना जमेना. टांग्यात घालून ठाण्याला नेली. "साहेब, पाच तास ओरडत होती." मी विचारलं, आता कशी आहे? म्हणाला, वाचली. बाळ? म्हणाला, तेही वाचलं. म्हटलं, मग अभिनंदन!

त्याने माझ्याकडे बघितलं. मग टोपी नीट करून गेला. आनंदाने शब्द सुचले नसावेत.

कालचा मुद्दा सभेत मांडायचा नाही असं ठरवलं. कारण विशेष काही नाही.

आज जेवण गेलं नाही. पित्त.

७ फेब्रुवारी, रविवार.

सुनंदा रोज दुपारी भजनाला जाते असं मी धरून चाललो होतो. आज कळलं, ती मालनबाईंच्या खोलीवर जाते. भाकऱ्या थापते, त्यांची वेणी घालून देते. हे पहिल्या दिवसापासून!

मी शांतपणे विचारलं (शेजारचे म्हणतात ओरडलो, पण त्यांच्या भिंतीच पातळ आहेत), कोणाच्या परवानगीने? ती म्हणाली, "तुमचं मनगट मोडलं असतं तर कोणाची परवानगी घेतली असती मी?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. वेळेवर आठवलं नाही.

संध्याकाळपर्यंत विचार केला. उपाध्यक्षाची बायको स्वतः जाऊन सेवा करते म्हणजे उपाध्यक्षाचीच सद्भावना झाली की! विद्याधरला म्हटलं, हे लोकांत पसरव. तो कपाळाला हात लावून बसला. योजना आखत असावा.

१० फेब्रुवारी, बुधवार.

फिरायला जाणं बंद. सकाळची हवा दमट असते.

म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष घरी आले. पोक्त माणूस. म्हणाले, "मार्तंडराव, प्रकृतीचं कारण देऊन मोकळे व्हा. ठराव मागे घ्यायला लावतो मी मास्तरांना." म्हटलं, माझी प्रकृती ठणठणीत आहे. म्हणाले, "मग बाईंकडे जाऊन या. मी येतो बरोबर." म्हटलं, साहेब, आज सुईणीपुढे वाकलो तर उद्या झाडूवाला पुढे येईल, परवा भाजीवाली. कारभार कसा चालायचा? ते म्हणाले, "झाडूवाल्याचंही काही केलंयत का?"

हे त्यांनी का विचारलं कळलं नाही. त्या प्रकरणाला दोन वर्षं झाली.

१४ फेब्रुवारी, रविवार.

आज माझी जाहीर सभा. विषय: 'लोकप्रतिनिधीचे मूल्यमापन कामावरून की किरकोळ गोष्टींवरून?' वक्ता मी. शाळेने पटांगण दिलं नाही, म्हणून मारुतीच्या देवळासमोर. साठ खुर्च्या आणवल्या.

पाच वाजता बायका यायला लागल्या. दहा, वीस, पन्नास. अखेर शंभरावर! पुरुष मागे, कडेला. मला भरून आलं. आणि काय सांगावं, एकीनेही खुर्चीला हात लावला नाही. सगळ्या खाली जमिनीवर बसल्या. साठच्या साठ खुर्च्या रिकाम्या. कित्येकींच्या मांडीवर तान्ही मुलं. माझ्यासमोर खुर्चीवर बसणं त्यांना प्रशस्त वाटलं नसणार. हा मान विकत मिळत नाही.

पहिल्या रांगेत सुनंदा. तीही खालीच. जवळ मालनबाई, हात गळ्यात बांधलेला.

मी पन्नास मिनिटं बोललो. नऊही गटारं नावानिशी सांगितली. कोणी हसलं नाही, टाळी वाजवली नाही, मध्येच उठून गेलं नाही. एक मूलसुद्धा रडलं नाही. भाषण संपल्यावर सगळ्या उठल्या, लुगड्यांची धूळ झटकली आणि मुकाट्याने निघून गेल्या. इतका एकाग्र श्रोतृवर्ग मी आयुष्यात पाहिला नाही.

विद्याधरला म्हटलं, झकास झाली सभा! तो म्हणाला, "मार्तंड, तुला खरंच कळलं नाही का रे?" म्हटलं, काय? तो खुर्च्या गोळा करायला लागला.

१७ फेब्रुवारी, बुधवार.

शनिवारी ठरावावर मतदान. मतांची मोजणी आत्ताच करून ठेवली. मेंबर सतरा. मी, विद्याधर, हे दोन पक्के. ज्यांच्या वॉर्डात माझी गटारं गेलीत असे पाच. दोन माझ्या शब्दाबाहेर नाहीत. झाले नऊ. मास्तर आपटणार.

विजयानंतरचं भाषण तयार. सूड घ्यायचा नाही. मास्तरला बागसमितीवर घ्यायचं.

सुनंदा आज आपणहून बोलली. "शनिवारी सभेत तरी म्हणा. तिथे सगळे ऐकतील, एकदाच म्हणावं लागेल." म्हटलं, बघू. हे 'बघू' मी का म्हणालो? झोप येत होती.

२० फेब्रुवारी, शनिवार.

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सभागृह भरलेलं. मास्तर उभा राहिला. वाटलं होतं, तास घेईल. पाच मिनिटं बोलला. म्हणाला, "डोकं कोणाचंही फिरतं. माझंही वर्गात फिरायचं, छडी उगारली आहे मी. पडलेल्या बाईसाठी हा ठराव मी आणला नसता. पण या माणसाला पंचवीस दिवसांत दोन शब्द सापडले नाहीत. उद्या यांचं गटार तुंबलं तर हे रस्त्याला दोष देतील. ज्याला आपली चूक दिसत नाही, त्याच्या हाती आपलं आरोग्य कसं द्यायचं?" आणि बसला.

अध्यक्ष म्हणाले, मार्तंडराव, आपण बोला.

उठलो. लिहून आणलेलं भाषण खिशात होतं, काढलं नाही. गॅलरीत सुनंदा दिसली. काशीराम दिसला. तोंडून 'माझं' असा शब्द बाहेर आला. विद्याधर खुर्चीच्या कडेला येऊन बसला. मी पुन्हा म्हटलं, 'माझं'.

पुढे आलं ते असं: 'माझं म्हणणं असं आहे की...'

मग तेच बोललो. गटारं.

मतं: ठरावाच्या बाजूने पंधरा. विरुद्ध एक, म्हणजे मी. विद्याधर तटस्थ. जिन्यात गाठून म्हणाला, "तुझ्याविरुद्ध हात वर करवेना रे. बाजूनेही करवेना."

पंधरा माणसं एकाच वेळी चुकू शकतात. इतिहासात उदाहरणं आहेत. वाकलो नाही, एवढं समाधान पुरेसं आहे.

पुरेसं आहे.

२१ फेब्रुवारी, रविवार.

सकाळी नऊ वाजता मालनबाईंच्या चाळीत गेलो. माफी मागायला नव्हे. पद गेल्यावर माफी मागण्याचा प्रश्न येत नाही. "आता तुमचं समाधान झालं असेल," एवढंच ठणकावून सांगायचं होतं.

खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, पहाटेच बाळंतपणाला बोलावणं आलं, येतील इतक्यात. पायरीवर बसलो. येणारेजाणारे विचारायला लागले, "घरी कोण अडलंय, मार्तंडराव?" प्रत्येकाला सांगितलं, कोणी नाही. तेरा जणांना सांगितलं.

साडेदहाला बाई आल्या. प्लास्टरवर हळदीचे डाग, डोळे ओढलेले, डाव्या हातात पिशवी. मी उठून उभा राहिलो. कोणाला झालं म्हणून विचारलं. म्हणाल्या, "चेडू झाला. बरा आसा." म्हणजे मुलगी. मग पिशवी खाली ठेवून डाव्या हाताने कुलूप उघडायला लागल्या. किल्ली फिरेना. मी पुढे होऊन फिरवली.

आणि म्हटलं, माझं चुकलं.

बाई म्हणाल्या, "काय?"

ऐकू गेलं नव्हतं. मला पुन्हा म्हणावं लागलं. जरा मोठ्याने झालं. चाळीतल्या सगळ्या खिडक्यांत माणसं आली.

त्या म्हणाल्या, "बरा झाला. आता घराक जावा, माका वायच आडवा होवचा हा." आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नाही. इतकं सोपं असतं, हे एकानेही मला आधी सांगितलं नाही.