तीन डबे आणि एक पडदा

३ मे, शनिवार
आजपासून किबांड्यात, त्या व्हिडिओ हॉलात, पाऊल टाकणार नाही. बस्स झालं. त्या पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर दुसऱ्याचे गुडघे पाठीत घेऊन पिक्चर बघायचा, आणि वर व्हीजे बुकेन्या माईक घेऊन आमच्या लुगांडा भाषेत सांगणार कोण काय बोललं ते. निम्मं पदरचं घालतो. काल तर समुद्रातल्या पिक्चरमध्ये याने आपल्या कवेम्पे गावचा टॅक्सी स्टँड घुसवला. लोक हसतात. मला इंग्रजी येतं, मी का ऐकू?
निर्णय: घरच्या टीव्हीला स्ट्रीमिंगचा डबा. घाईत घेणार नाही. दुकानदाराकडून तीन आणायचे, शास्त्रीय तुलना करायची, दोन परत. २४ तारखेची फुटबॉल कपची फायनल माझ्या खुर्चीत, माझ्या रिमोटने. बायकोला, नामातोवूला, सांगितलं. ती केळी सोलत होती. म्हणाली, बरं.

४ मे, रविवार
डबा क्रमांक एक. चित्र म्हणे फोर-के. आपला टीव्ही फोर-के नाही हे नंतर कळलं, पण तो दोष टीव्हीचा. डबा दिवसभर 'अपडेट' होत होता. महिन्याचा डेटा गिळला आणि मग पुन्हा पहिल्यापासून. निळा दिवा मात्र फार सुंदर आहे. दहापैकी सहा.

७ मे, बुधवार
डबा क्रमांक दोन. सगळी अक्षरं चिनी. अंदाजाने बटणं दाबली. अशा वेळी अनुभव कामाला येतो. आता डबा फक्त लहान मुलांची कार्टून दाखवतो आणि पासवर्ड मागतो. नामातोवू म्हणाली, "तुम्हाला बरोबर ओळखलं त्यानं." दुर्लक्ष केलं.

१० मे, शनिवार
डबा तीन! तोंडी हुकूम ऐकतो. माझा नाही ऐकत, पण शेजारचा कोंबडा आरवला की आवाज वाढवतो, म्हणजे यंत्रणा उत्तम आहे. शिवाय आजूबाजूचा गोंगाट आपोआप कमी करतो, असं खोक्यावर लिहिलंय. दहापैकी नऊ. ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं. आता अडचण अशी काही उरलेलीच नाही.

१२ मे, सोमवार
सासूबाई येताहेत. कालुंगूहून, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. दोन आठवडे. झोपायला अंगणापलीकडे त्यांच्या मावसबहिणीकडे, कारण जावयाच्या छपराखाली सासू झोपत नसते. पण दिवस आमच्याकडे. जिथे त्या, तिथे मी नाही. एका खोलीत बसायचं नाही, समोर यायचं नाही, रीतच आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी त्यांचा चेहरा नीट पाहिलेला नाही. त्यांच्या मते मी खोकी घरी आणणारा माणूस आहे, असं उडत उडत कानावर आलंय.
काळजीचं कारण नाही. म्हातारं माणूस, तासाभरात कंटाळेल.

१५ मे, गुरुवार
कंटाळल्या नाहीत. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला अंधूक, तरी सकाळपासून टीव्हीपुढे. माझ्या खुर्चीत! मी पाण्याच्या टाकीमागे उभा राहून जेवलो. नामातोवूला म्हटलं, त्यांना दिसत नाही तर बघतात काय? म्हणे, आई ऐकायला बसते.

१६ मे, शुक्रवार
तोडगा निघाला. डोकं लागतं. बैठकीच्या खोलीत मधोमध दोरी बांधून चादरींचा पडदा टाकला. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला मी. रीतही सांभाळली, घरही माझं.
रात्री: टीव्ही त्यांच्या बाजूला गेलाय. वायर आखूड, हलवता येत नाही. सासूबाईंना हलवा असं म्हणायची माझी छाती नाही.

१७ मे, शनिवार
आज पिक्चर इंग्रजी. नामातोवू स्वयंपाकघरात. पडदा पलीकडून म्हणाला, म्हणजे सासूबाई हवेला उद्देशून म्हणाल्या, "या घरात इंग्रजी येणारं कुणी आहे का, की नुसतीच खोकी आहेत?"
मी हवेलाच उत्तर दिलं. मग सांगायला लागलो. दिसत काहीच नव्हतं, नुसत्या आवाजावरून. कुणी धावत होतं. ठक-ठक असं वाजलं, म्हणून लंगडा पोलीस घातला. दोघं रडली, त्यांना बहीण-भाऊ केलं. नंतर त्यांचं लग्न झालं, तेव्हा जरा धावपळ उडाली, पण बहीण मानलेली होती म्हणून निभावून नेलं.
बुकेन्या पदरचं घालतो ते वेगळं. माझं अनुमान असतं.

२१ मे, बुधवार
आळीतल्या पाच-सहा बायका येऊ लागल्यात. डब्याची कीर्ती. आज खिडकीबाहेर खुद्द बुकेन्या उभा. म्हणाला, "अरे लुत्वामा, गिऱ्हाईक पळवलंस माझं! आणि वाक्याचा शेवट गिळू नकोस, मागच्यांना ऐकू जात नाही." जळतो.
लंगड्या पोलिसाला आतापर्यंतच्या तिन्ही पिक्चरमध्ये ठेवलाय. सासूबाईंना आवडतो.

२३ मे, शुक्रवार
उद्या फायनल. नामातोवूकरवी निरोप पाठवला की उद्या संध्याकाळी नुसता फुटबॉल आहे, सासूबाईंनी विश्रांती घ्यावी. उलट निरोप आला: जावई सांगणार असेल तर आई बघणार.

२४ मे, शनिवार
रात्र. लिहिलंच पाहिजे.
सामना सुरू झाला. मी पडदा धरून सांगत होतो. थोड्या वेळाने डब्याने गोंगाट कमी केला, इतका की काहीच ऐकू येईना. मनात म्हटलं, व्वा, दहापैकी दहा! पण थांबलो नाही. आमच्या लाल संघाचे चार गोल झाले. चौथा तर मैदानाच्या मध्यातून, गोलकीपर गुडघ्यावर बसून रडला. पलीकडे बायकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात असा सामना पाहिला नाही.
मग किबांड्यातून पोरं बाहेर पडली. मुकाट. दोन-शून्य. हरलो.
नामातोवूने सांगितलं, सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात डेटा संपला होता. टीव्ही काळा. मी ओरडलो, मग मला सांगितलं का नाही कुणी? ती म्हणाली, "आईनं तोंडावर बोट ठेवलं सगळ्यांच्या. म्हणाली, नऊ वर्षांत जावई पहिल्यांदा माझ्याशी बोलतोय. खबरदार कुणी मध्ये बोलाल तर."
मी टाकीमागे जाऊन रडलो. हरलो म्हणून नाही. चुलीच्या धुराने म्हणावं, तर तो तिकडे येत नाही.

२६ मे, सोमवार
सासूबाई गेल्या. डबा तुम्ही घेऊन जा, असा मोठ्या मनाने निरोप पाठवला. डबा नको म्हणाल्या. पडदा मात्र घडी करून नेला. जावई आमच्याकडे आला तर लागेल, म्हणाल्या.

२७ मे, मंगळवार, संध्याकाळी
अखेर! खुर्ची माझी. रिमोट माझा. डेटा भरलाय, कोंबडा गप्प आहे, चित्र आरशासारखं. तुलनेचा अंतिम निकाल आज शांतपणे लिहिणार.
फोन वाजला. कालुंगूहून.
"हं," सासूबाई हवेला म्हणाल्या, "मग त्या लंगड्याचं पुढे काय झालं?"
टीव्ही बंद केला.